'खोपेश': हत्यार परकं, नाव घरचं

प्रश्न असा आहे: प्राचीन इजिप्तची वाकडी तलवार 'खोपेश' आणि तिथला युद्धरथ ही दोन्ही पश्चिम आशियातून आली, तर त्यांची नावंही तिकडचीच का?

खोपेशचं नाव अस्सल इजिप्शियन आहे. त्या लिपीत स्वर लिहीत नसत, म्हणून हाती लागतात ती ख-प-श एवढीच व्यंजनं. 'ओ' आणि 'ए' आजच्या वाचकांनी सोयीसाठी भरलेले. अर्थ बैलाचा पुढचा पाय. फऱ्यापासून खुरापर्यंतचा अख्खा पाय डोळ्यांपुढे आणा, पात्याचा बाक लगेच कळेल. 'बाहुबळ' या अर्थानेही हाच शब्द येतो. हत्यार मात्र बाहेरचं: लेबनॉनच्या किनाऱ्यावरील बिब्लॉसच्या राजांच्या थडग्यांत इ.स.पू. १८००च्या सुमाराची अशी पाती सापडली आहेत. आपल्याकडे 'आगगाडी' झाली तसंच हे, वस्तू परकी आणि नाव घरचं.

'विळा-तलवार' हा प्रतिशब्द टाळावा, तो फसवतो. विळ्याची धार आतून असते, खोपेशची बाहेरच्या फुगीर कडेला. विळ्यासारखं ओढून ते कापत नाही. कुऱ्हाडीसारखा घाव घालतं.

रथाची गोष्ट उलटी. त्याला 'व-र-र-त' हा देशी शब्द होता, तरी शेजारी 'म-र-क-ब-त' रुजला. हा सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातला, 'र-क-ब' म्हणजे स्वार होणे या धातूपासून; हिब्रूतला 'मेर्कावा' त्याचाच भाऊ. इथे वस्तूबरोबर नावही आलं, पोर्तुगीजांकडून आपल्याकडे 'काडतूस' आलं तसं. शिवाय रथ एकटा आला नाही. भात्याचा 'इस्पत' मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेतल्या 'इश्पतू'शी जुळतो, घोड्याचा 'स-स-म-त' सेमिटिक 'सूस'शी, आणि खवल्यांच्या चिलखताचा शब्द उत्तर सीरियाकडच्या हुर्री भाषेतल्या 'शरियन्नी'शी. मेगिद्दोच्या लढाईनंतर (इ.स.पू. १४५७ च्या सुमारास) इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस याच्या लुटीच्या यादीत ९२४ रथ, २०० चिलखतं आणि ५०२ धनुष्यं आहेत. म्हणजे अख्खा सरंजामच हाती येत होता, शब्द कसे मागे राहतील?

परका शब्द ओळखायची एक चांगली खूण लिपीतच आहे. लेखनिक असे शब्द बहुधा साध्या व्यंजनचिन्हांऐवजी अक्षरगटांनी, म्हणजे अख्खं अक्षर दाखवणाऱ्या चिन्हांच्या गटांनी, लिहीत, उच्चार नेमका कळावा म्हणून. 'म-र-क-ब-त' तसाच लिहिलेला आढळतो. खूण पक्की नाही, काही देशी शब्दही तसे लिहिले गेले.

या युद्धशब्दांचं संस्कृतशी नातं शोधायचं तर ते 'मर्यन्नू'त शोधावं. सीरिया-पॅलेस्टाइनच्या रथी योद्ध्यांना इजिप्तचे लेख हेच नाव देतात. बरेच अभ्यासक त्यात वेदातला 'मर्य', म्हणजे तरुण, पाहतात. तो शब्द उत्तर सीरियाकडच्या मितन्नी राज्यातल्या हुर्री भाषकांमार्फत पसरला असावा. मितन्नीचा अश्वशिक्षक किक्कुली याच्या मजकुरात 'ऐकवर्तन्न', 'पंझवर्तन्न', 'सत्तवर्तन्न' हे घोड्यांच्या एक, पाच, सात फेऱ्यांचे शब्द आहेत, त्यामुळे हे मत हवेतलं नाही. मात्र 'मर्यन्नू'तला 'न्न' हुर्री प्रत्यय मानतात. त्याची संस्कृतातून फोड करू नये.