यकृतात जागे होणारे मेदाम्ल

प्रश्न : कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी मांड्या आणि पोटऱ्या दुखू लागल्यामुळे डॉक्टरांनी मला बेम्पेडोइक आम्लाची १८० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आहे. हे बदल केलेले मेदाम्लच आहे, असे वाचले. मग मेदाम्ल घेऊन कोलेस्टेरॉल कमी कसे होईल? आणि स्नायू पुन्हा दुखणार नाहीत ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. आहारातील मेदाम्लांप्रमाणे ही कार्बन अणूंची लांब साखळीच आहे. मात्र तिच्या दोन्ही टोकांना आम्लगट असून त्यांच्या शेजारच्या कार्बनवर दोन-दोन मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचे छोटे गट) बसवलेले आहेत. साध्या मेदाम्लाचे दोन-दोन कार्बनांचे तुकडे पाडून पेशी ऊर्जा मिळवते. येथे ते तुकडे पाडण्याच्या वाटेतच मिथिल गट आड येतात, त्यामुळे हे आम्ल इंधनासारखे सहज जळून जात नाही.

यकृतपेशी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले अ‍ॅसिटिल-कोए या एकाच कच्च्या मालापासून घडवते. सायट्रेटपासून हा माल तयार करणारे एटीपी सायट्रेट लायेज नावाचे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) बेम्पेडोइक आम्ल रोखते. स्टॅटिन जेथे काम करते, त्याच्या आधीची ही पायरी आहे. पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की ती आपल्या पृष्ठभागावरील एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, ग्राहक (ते पकडणारे रिसेप्टर) वाढवते आणि रक्तातले एलडीएल आत ओढून घेते.

स्नायूंविषयीची बाब मला विशेष मोलाची वाटते. गोळीतले आम्ल मुळात निष्क्रिय असते. पेशीतला कोएन्झाइम-ए हा रेणू जोडला गेल्यावरच ते कामाला लागते, आणि ही जोडणी करणारे विकर यकृतात असते, हातापायांच्या स्नायूंत नसते. स्टॅटिन न सोसणाऱ्या १३,९७० रुग्णांच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना एकत्रितपणे १३ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि स्नायूदुखी औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळली नाही. तरीही दुखू लागले, तर अंगावर काढू नका.

याच चाचणीत गाऊट, म्हणजे युरिक आम्ल साचून होणारी सांधेदुखी, ही गोळी घेणाऱ्या ३.१ टक्के रुग्णांना झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण २.१ टक्के होते. पित्ताशयातील खडेही किंचित अधिक आढळले. यापैकी काही त्रास पूर्वी झाला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि युरिक आम्ल तपासून घ्या. ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेदाचा आणखी एक प्रकार) मात्र या गोळीने फारसे उतरत नाहीत. ते वाढलेले असतील तर त्यांचा उपचार वेगळा करावा लागेल.