डोंगरवाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापुरात राहते, वय ४७. रोज सकाळी तासभर चालते, कोजागिरीला तुळजापूरला पायी जाते. बीपीची एक गोळी चालू आहे. कॉलेजातल्या लेकीबरोबर जूनमध्ये हिमाचलातल्या हामटा पासचा ट्रेक करायचा आहे. घरचे म्हणतात, सोलापूरच्या माणसाला बर्फ झेपायचा नाही. तयारी काय करू? आणि ती डायमॉक्सची गोळी घेऊन ठेवू का?

उत्तर : जा, जरूर जा. तुळजापूरपर्यंत ४५ किलोमीटर डांबरावर चालणाऱ्या बाईला चिकाटी कुणी शिकवायची गरज नाही. हामट्याला एका दिवसात त्याच्या निम्मंही चालायचं नसतं. घरच्यांना भीती बर्फाची वाटते. मला काळजी उंचीची आहे.

आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरही उंच नाही. हामटा पास साधारण ४,२७० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब इतका उतरलेला असतो, की एका श्वासात आपल्याकडच्या ६० टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. किती वेळ, हे तुमच्या व्यायामावर अजिबात ठरत नाही. उलट जिममधली दणकट पोरंच जास्त अडकलेली मी पाहिली आहेत, कारण ती भराभर चढतात आणि दुखतंय म्हणून सांगायला लाजतात.

असाच एक मुलगा आमच्या गटात होता. बालू का घेरा या मुक्कामाला सगळ्यांच्या आधी पोहोचला आणि संध्याकाळी ताटावर बसेना. ‘ॲसिडिटी आहे’ म्हणाला. डोकं दुखत होतं, एकदा उलटी झाली होती, तीही त्याने लपवली होती. मी तंबूच्या दोरीच्या बाजूने त्याला सरळ रेषेत चालायला सांगितलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत. तिसऱ्याच पावलाला तो कलंडला. मग सकाळची वाट पाहिली नाही. वाटाड्याला बरोबर घेऊन, टॉर्चच्या उजेडात त्याला चिका या आधीच्या मुक्कामाला उतरवलं, म्हणजे साधारण ५०० मीटर खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःहून खायला मागितलं.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, गळून जाणं यातलं काही सुरू झालं तर त्या दिवशी आणखी वर चढायचं नाही. तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, किंवा नुसतं बसल्या जागी धाप लागून खोकला यायला लागला, तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली. मेंदूला सूज येणं आणि फुप्फुसात पाणी होणं ही दोन्ही दुखणी काही तासांत जिवावर बेततात. खाली उतरणं हाच त्यांचा खरा उपाय. लेकीलाही हे आत्ताच सांगून ठेवा. ‘आई, तू तोंडाने बरी आहेस म्हणतेस, पण चालून दाखव’ असं म्हणायचा हक्क तिला द्या.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. ही डोकेदुखीवरची गोळी नव्हे, ती शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते. प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर घ्यायची नाही. तुमची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर दोन्हींचा मेळ डॉक्टरांनीच घालायला हवा. तेव्हा गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, दुकानातून परस्पर आणू नका.

गोळीपेक्षा मला वेळापत्रक महत्त्वाचं वाटतं. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नये. हामट्याचे मुक्काम या हिशोबात बसतात, फक्त पहिली उडी मोठी आहे. मनाली २,०५० मीटर आणि चिका ३,१०० च्या आसपास. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, रात्रीच्या बसने मनाली आणि त्याच सकाळी ट्रेक, असं करू नका. मनालीत दोन रात्री झोपा. जूनचा दुसरा पंधरवडा धरा, त्याआधी खिंडीत बर्फ फार असतो.

तयारी म्हणाल तर सोलापुरात चढ नाही, पण जिने आहेत. पाठीवर ६-७ किलोची सॅक घेऊन चार मजले चढा आणि उतरा. उतरणं जास्त करा. खिंडीपलीकडे शिया गोरू या मुक्कामाकडे जाणारा उतार तीव्र आहे, तिथे गुडघे बोलायला लागतात. बूट आत्ताच घ्या, म्हणजे तोवर पायाला बसतील.

सामानात सोलापुरी चादर नको. सुती आहे, भिजली की जड होते, वाळत नाही आणि ऊबही देत नाही. लोकरीचे कपडे घ्या. कडक भाकरी मात्र घ्याच. वर भूक मरते, पुढ्यातलं गोडमिट्ट खाणं नकोसं होतं, तेव्हा गरम डाळीत चुरलेली भाकरी आणि शेंगाचटणी पोटात जाते. भाकरीचे तुकडे करूनच डब्यात भरा, अख्खी ठेवलीत तर सॅकमध्ये भुगा होतो. चटणीला थंडीत तेल गोठून गोळा येतो, म्हणून चमच्याने निघेल असा रुंद तोंडाचा स्टीलचा डबा बघा. आणि काळा चष्मा चांगला घ्या. बर्फावरून परतणारं ऊन आपल्या मे महिन्याच्या उन्हापेक्षा डोळ्यांना घातक असतं.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही दोन कुटुंबं जैसलमेरजवळ वाळूत स्वतःचा तंबू लावून राहणार आहोत. आमच्याकडे ४३-४४ डिग्री ऊन सोसायची सवय आहे. वेगळी काय काळजी घ्यावी? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : तुम्ही उन्हाचं विचारताय, डिसेंबरात त्रास थंडीचा होतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसाची ऊब वाळू सूर्य मावळताच टाकून देते. पहाटे पारा दहाच्या खाली जातो. इथे सोलापुरी चादर बिनधास्त न्या, एक अंगाखाली आणि एक अंगावर. पाऊस-दव फारसं नसल्याने तिथे ती छान चालते.

नेहमीच्या मेखा वाळूत धरत नाहीत. रिकाम्या कापडी पिशव्या न्या, त्यांत वाळू भरून दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. तंबू टेकडीच्या धारेवर नको, वारा झोडपतो. तीव्र उताराच्या पायथ्यालाही नको, कारण धारेवरून उडालेली वाळू रात्रभर तिथेच पडते. दोन टेकड्यांमधली सपाट जागा निवडा, मात्र अगदी खोलगट नको, थंड हवा तिथे साचते. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. चढताना वारा लागणाऱ्या सौम्य बाजूने चढा, तिथली वाळू घट्ट असते.

माणशी दिवसाला ४ लिटर पाणी धरा. सकाळी बूट झटकूनच घाला. फुरसं तुम्हाला सांगायला नको.

सम गावाकडच्या गर्दीपेक्षा खुरी गावाकडचा शांत भाग मला आवडतो. जागा ठरवताना गावकऱ्यांना विचारा, कारण आजूबाजूचा बराच भाग डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो. ज्या माळढोकासाठी आपल्या नान्नजला अभयारण्य झालं, जो आता आपल्याकडे दिसणं दुर्मीळ झालंय, त्याचा आजचा मुख्य आसरा जैसलमेरचा हाच गवताळ पट्टा आहे. तिकडे तो गोडावण. तेव्हा मोठा आवाज, फटाके, गवतात गाडी घालणं, यातलं काहीही करू नका. ही माझी हात जोडून विनंती आहे.

प्रश्न : विमानाने लेहला जाऊन पाच दिवसांत खारदुंग ला ही खिंड आणि नुब्रा खोऱ्यातली वाळू, दोन्ही होईल का?

उत्तर : होईल, पण पहिले दोन दिवस लेहमध्येच काढावे लागतील. विमान तुम्हाला तासाभरात ३,५०० मीटरवर नेऊन सोडतं. त्या दोन दिवसांत जिना चढायचीही घाई नको, दारू अजिबात नको. तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडा, वर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका आणि हुंदरला मुक्काम करा. हुंदर साधारण ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली, त्यामुळे झोप बरी लागते. वाळू, तिच्यातून वाहणारं पाणी आणि दोन वशिंडांचे उंट तिथे एकाच ठिकाणी दिसतात. चौथ्या दिवशी लेहला परता आणि जमलंच तर परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा, हवा बिघडली की लेहची विमानं रद्द होतात.