ह्रस्व-दीर्घाची सुरुवात टाळ्यांनी करा

दुसरीतल्या मुलाला नियम पाठ करायला लावू नका. टाळ्या वाजवत शब्द तोडा. तोडायचा मात्र कानाने, अक्षरं मोजून नव्हे. 'फूल' ही एकच टाळी, म्हणून ऊ लांबतो. 'फु-ला-ला' तीन टाळ्या, उ आखूड. तसंच 'ग-रीब'मध्ये ई शेवटच्या टाळीत, म्हणून लांब; 'ग-रि-बा-ला'मध्ये मधल्या टाळीत, म्हणून आखूड. वकील-वकिलालाही तसंच. आठवडाभर एवढंच, रोज पाच जोड्या.

शब्दाच्या शेवटी कान फसवतो. पाटी, लाडू बोलताना आखूड वाटतात, पण लिहायचे दीर्घच ('आणि', 'नि', 'परंतु' असे मोजके शब्द सोडून, ते तसेच पाठ करून घ्या).

श्रुतलेखनात 'कीऽडा' असं ताणून सांगू नका, मूल ऐकेल तसंच लिहील. आणि गुण, विष, मंदिर हे संस्कृतातले शब्द टाळीच्या हिशेबात बसत नाहीत, ते महिनाभर बाजूलाच ठेवा.