‘ओब्रायन’मधला ‘ओ’ कुणाचा?

प्रश्न: अमेरिकेतल्या आयरिश वंशाच्या लोकांची ओब्रायन, ओनील, ओकॉनर अशी आडनावे असतात. त्यातला ‘ओ’ म्हणजे इंग्रजी ‘ऑफ’चे लघुरूप ना? मराठीत लिहिताना पुढे लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) द्यावे का?

उत्तर: नाही, आणि देऊ नये. डेरेक ओब्रायन हे आयरिश वंशाचे खासदार मराठी वर्तमानपत्रांत लोपचिन्हाशिवाय सुखाने नांदतात.

‘ऑफ’ची ही थाप दर मार्चमध्ये, सेंट पॅट्रिक दिन या आयरिश सणाच्या सुमारास, कुणीतरी नव्याने ठोकून देतोच. अहो, आयरिश ही काही इंग्रजीची बोली नाही, स्वतंत्र केल्टिक भाषा आहे. तिच्यात ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे नातू, पुढे अर्थ पसरून वंशज. आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. त्याच्या वंशातले ते ओब्रायन. (एम-सी लिहिले की आयरिश आणि एम-ए-सी लिहिले की स्कॉटिश, हा ‘नियम’ही भाकड. पहिले दुसऱ्याचेच संक्षिप्त लेखन.) ज्या भाषेत ‘नातू’ हे अख्खे आडनावच आहे, त्या भाषेच्या माणसाला यात नवल वाटायला नको.

खरी गंमत पुढेच आहे. ‘ओ’चे जुने रूप ‘ऊआ’. ते ज्या मुळातून आले, त्याच मुळातून लॅटिनमध्ये ‘आवुस’ म्हणजे आजोबा झाला. आवुसपासून ‘आवुंकुलुस’ म्हणजे मामा, आणि तोच फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन ‘अंकल’ होऊन बसला. म्हणजे ओब्रायनचा ओ आणि अंकलचा अं एकाच घरचे! उलट आपला नातू ज्या ‘नप्तृ’पासून आला, त्याचा जुन्या आयरिशमधला भाऊबंद ‘निया’, पण अर्थ मात्र भाचा. या भाषांनी आजोबा, मामा, नातू, भाचे एकमेकांच्या घरी खुशाल पाठवून दिले आहेत.

लोपचिन्ह कुठून आले म्हणाल, तर आयरिशमध्ये या ओवर उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ असते, दीर्घाची खूण. माझे मत असे की इंग्रज कारकुनांच्या हातून ती घसरली आणि ओच्या शेजारी जाऊन बसली. काही जाणकार इथेही ‘ऑफ’च पुढे करतात: कारकुनांना तो ‘ऑफ’ वाटला म्हणून चिन्ह आले, म्हणे. कारकुनाला इतका विचार करताना कुणी पाहिला आहे?

मुळात हा ओ कित्येकांनी टाकलाच होता. इंग्रजी अंमलात ओ आणि मॅक गळत गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेची चळवळ उभी राहिल्यावर लोकांनी ते परत लावायला सुरुवात केली. १८४५ ते १८५२च्या आयर्लंडातल्या बटाट्याच्या दुष्काळात जहाजावर चढलेले तोवर अमेरिकेत स्थिरावलेही होते. म्हणूनच, माझ्या मते, अमेरिकेत नुसते सलिव्हन जास्त भेटतात आणि आयर्लंडात ओसलिव्हन. ‘एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने आमचा ओ कापला’ असे सांगणाऱ्यांनी जरा तारखा बघाव्यात. न्यूयॉर्क बंदरातले ते स्थलांतरितांचे ठाणे १ जानेवारी १८९२ रोजी उघडले, दुष्काळानंतर चाळीस वर्षांनी. शिवाय तिथे नावे लिहीत नसत. जहाजाच्या यादीतली ताडून पाहत.

केनेडी मूळचे ओ किनेडी, रेगन मूळचे ओ रीगन. दोघांचेही ओ व्हाइट हाउसात पोचण्याआधीच गळालेले. ओबामांच्या एका पणजोबांचे आजोबा आयर्लंडातल्या मनीगॉल गावचे, आडनाव कर्नी, तेही बिनओचेच. २०११ मध्ये ओबामा डब्लिनमध्ये गमतीने म्हणाले की वाटेत हरवलेले आमचे लोपचिन्ह शोधायला मी घरी आलो आहे. टाळ्या पडल्या. हरवायचाच तर निदान ओ हरवायचा, चिन्ह कसले!

२०२०च्या अमेरिकन जनगणनेत सुमारे ३ कोटी ८६ लाख लोकांनी आपला वंश, पूर्ण किंवा अंशतः, आयरिश असल्याचे नोंदवले. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या ५० लाखांच्या थोडी वर. या ‘नातवां’मध्ये निम्म्या बायका असणार, आणि आयरिश व्याकरणात त्यांना ओ चालतच नाही: मुलीला ‘नी’ लागते, बायकोला आणखी वेगळे रूप. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांना ओ सासरहून मिळाला. म्हणजे व्याकरणाने त्या कॉनरच्या नातसून नव्हे, थेट नातू.