टॉरेंट सीड करून क्रिप्टो कमवता येतं का?

तुमच्या घरी फायबर आहे, एक जुना डेस्कटॉप पडून आहे. तो रात्रंदिवस चालू ठेवून टॉरेंट सीड केले, म्हणजे उतरवलेल्या फाइल इतरांना पाठवत राहिलं, तर बीटीटी या क्रिप्टो टोकनमधून महिन्याला काही सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही सुटणार. सीड जरूर करा, पण पैशांच्या आशेने नको.

टॉरेंटमागची पद्धत म्हणजे बिटटोरेंट: फाइलचे तुकडे लोक एकमेकांना देतात. ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने २००१ मध्ये ती आणली, तेव्हाच देवाणघेवाणीचा नियम तिच्यात होता: जो मला तुकडे देतो, त्याला मी आधी देणार. दर दहा सेकंदांनी क्लायंट (टॉरेंट चालवणारं सॉफ्टवेअर) बघतो, कोण किती देतंय. दर तीस सेकंदांनी एखाद्याला मागचं काही न बघता संधी देतो, कारण नव्याने आलेल्याकडे द्यायला तुकडाच नसतो. मला हा नियम फार आवडतो. ना टोकन, ना खातं, तरी अनोळखी लोकांत व्यवहार चोख चालतो. उणीव एवढीच, की फाइल १०० टक्के उतरली की आपल्याला कोणाकडूनच काही नको असतं. पुढचं सीडिंग केवळ मनाच्या मोठेपणावर.

ही उणीव भरायला जस्टिन सनच्या ट्रॉन या क्रिप्टो कंपनीने २०१८ मध्ये बिटटोरेंट कंपनी घेतली आणि २०१९ मध्ये बीटीटी आणलं. घाई असेल त्याने टोकनची बोली लावायची, ते सीडरला मिळणार. पण बोली लावणार कोण? टॉरेंटवर लोक येतात तेच फुकट मिळतं म्हणून. सीडर भरपूर असलेली फाइल तशीही झपाट्याने उतरते, आणि सीडर नसलेल्या जुन्या फाइलला गिऱ्हाईकच नसतं.

आता खर्च बघा. डेस्कटॉप १०० वॅट खात असेल तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. तुमच्या वीजबिलातल्या स्लॅबच्या दराने गुणा. त्यात बऱ्याच ‘अनलिमिटेड’ प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. शिवाय अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देतात, त्यामुळे बाहेरून येणारी कनेक्शन तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. आणि टोकन विकून नफा झालाच, तर त्यावर ३० टक्के कर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

फाइलकॉइन या दुसऱ्या क्रिप्टो टोकनचं गणित वेगळं आहे. तिथे मोबदला फाइल सांभाळण्याचा मिळतो आणि ती खरंच डिस्कवर आहे याचा पुरावा दर २४ तासांत द्यावा लागतो. तारण म्हणून टोकन आधी अडकवायचे, पुरावा चुकला तर दंड. ते डेटा सेंटरवाल्यांचं काम, वीज जाणाऱ्या घरातलं नाही.

तरी सीड करायचंच असेल तर डेबियन किंवा उबंटू या मोफत लिनक्स सिस्टिमच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइल) करा. चित्रपट नकोत, सीडिंग म्हणजे कॉपीराइट असलेल्या गोष्टीचं वाटप होतं. डेस्कटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक वापरा, वीज खूप कमी लागते. आणि क्लायंटमध्ये अपलोडला मर्यादा घाला, नाहीतर घरातल्यांचे व्हिडिओ कॉल अडखळायला लागतील.