मंगळ शुभ, मग पत्रिकेतला मंगळ कडक कसा?

अमळनेरहून एकांनी विचारलं आहे : ‘मंगळ म्हणजे शुभ ना? मग पत्रिकेत मंगळ निघाला की जुळत आलेलं लग्न का फिसकटतं? एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ कसे?’ मंगळग्रहाचं मंदिर असलेल्या गावातून हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला.

मूळ संस्कृत शब्द ‘मंगल’. मंगलकार्य, मंगलाष्टकं यांत तो तसाच राहिला. मंगळसूत्र, मंगळागौर यांत ल चा ळ झाला. ग्रह आणि वार मात्र कायम मंगळच. (आपल्या अहिराणीत तर जळगावचं जयगाव होतं, तसं ‘पत्रिकामा मंगय शे’.) तेव्हा ल-ळ वरून शुभ-अशुभ ठरत नाही. मंगळसूत्राहून शुभ ते काय?

ग्रहाची बाकीची नावं पाहा. अंगारक म्हणजे निखारा, लोहितांग म्हणजे तांबड्या अंगाचा. तो दिसतोही तसाच, कारण त्याच्या धुळीत लोखंडाचा गंज आहे. भौम आणि कुज या दोन्हींचा अर्थ भूमीचा मुलगा. शिवपुराणात शंकराच्या कपाळावरचा घामाचा थेंब जमिनीवर पडतो, त्यातून चार हातांचं तांबूस मूल जन्मतं आणि पृथ्वी बाईचं रूप घेऊन त्याला पाजते. गणेशपुराणात हाच भौम तप करून गणपतीला प्रसन्न करतो. मंगळवारी येणाऱ्या संकष्टीला अंगारकी म्हणतात ते त्याच्यावरून. एरंडोलजवळच्या पद्मालयाला त्या दिवशी रीघ लागते.

अशा तापट ग्रहाला ‘शुभ’ हे नाव का? मला वाटतं, भीती वाटते त्याला गोड नावाने हाक मारायची आपली जुनी रीत आहे. उग्र रुद्राला आपण शिव म्हटलं, म्हणजे कल्याणकारी. अंगाची आग करणाऱ्या रोगाच्या देवीला शीतला म्हटलं. घरातलं कुंकू संपलं तरी ते ‘वाढलं’ म्हणायचं. रोमनांनी अशी भीडभाड ठेवली नाही. त्यांनी या ग्रहाला थेट युद्धदेव मार्सचं नाव दिलं. पुढे १८७७ साली आसफ हॉल यांना त्याचे दोन चंद्र सापडले, त्यांची नावंही फोबोस आणि डिमोस, म्हणजे भय आणि दहशत.

तेव्हा ‘मुलीला मंगळ आहे’ या वाक्यात मंगळ हे फक्त ग्रहाचं विशेषनाम आहे. त्याला चिकटलेला ‘कडक’ ज्योतिषातून आला, शब्दातून नाही. स्थळ नाकारायला या शब्दाचा आधार कुणी घेऊ नये.