'सक्रिय कोळसा' की 'सक्रियित कार्बन'?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे, की रबाळ्याला त्यांच्या कंपनीत वॉटर फिल्टरचं माहितीपत्रक मराठीत करायचंय, त्यात ॲक्टिव्हेटेड कार्बनला, म्हणजे फिल्टरमधल्या पाण्याचा वास, रंग काढणाऱ्या दाण्यांना, कुणी 'सक्रिय कोळसा' सुचवलं, कुणी 'सच्छिद्र कोळसा', मग बरोबर काय?

ताई, माझं स्पष्ट मत, 'सक्रियित कार्बन' लिहा. सक्रिय म्हटलं की वस्तू मुळातच तशी आहे असं वाटतं, सक्रियित म्हणजे तशी केलेली, जसं प्रमाणित, मुद्रित, आणि इथे सगळी मेहनत त्या करण्यातच आहे. नारळाची करवंटी हवा लागू न देता साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला भाजली की कोळसा होतो, तो शेगडीत मस्त जळेल पण पाण्याचा वास काढायला फारसा कामाचा नाही, कारण त्याची बरीचशी भोकं डांबरासारख्या चिकट अंशाने बुजलेली असतात. मग हाच कोळसा ८०० ते १००० अंशांच्या आसपास वाफेत तापवतात, वाफ आतला थोडा थोडा कार्बन खात जाते, त्याचा कार्बन मोनॉक्साइड होऊन उडून जातो, बुजलेली भोकं मोकळी होतात आणि नवीनही पडतात. हे सक्रियण. लाकडाचा भुसा असेल तर फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवून ५०० अंशांच्या आसपास एकाच दमात पण करतात.

'सच्छिद्र' म्हणून पुरत नाही, साधा लाकडी कोळसाही सच्छिद्रच असतो ना. फरक किती ते बघा, चांगल्या सक्रियित कार्बनच्या एका ग्रॅमला आतून सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे जवळजवळ १० गुंठे! कोरडे दाणे पाण्यात टाकून बघा, भोकांतली हवा बाहेर पडते आणि चक्क बुडबुडे येतात.

अजून एक, पत्रकात 'क्लोरीन शोषून घेतो' असं लिहू नका. शोषण म्हणजे टिपकागदासारखं आत मुरणं, इथे वासाचे, रंगाचे रेणू भोकांच्या भिंतींना चिकटतात, त्याला अधिशोषण म्हणतात, आणि क्लोरीन तर नुसता चिकटत पण नाही, कार्बनशी रिॲक्शन होऊन त्याचं क्लोराइड होतं, तेव्हा 'क्लोरीन काढून टाकतो' एवढंच पुरे.

आणि ते 'वनस्पतिजन्य टाकाऊ पदार्थांपासून निर्मित' वगैरे कशाला, सरळ करवंटी म्हणा, भाताचं तूस म्हणा, उसाची चिपाडं म्हणा, जे असेल ते. फक्त शहाळं आणि करवंटी एक करू नका. वाशीला रस्त्याकडेला शहाळ्यांचा ढीग पडतो त्यात बहुतेक सगळं सोडणच, म्हणजे बाहेरचं काथ्याचं आवरण, आतली करवंटी कोवळी. फिल्टरला पिकल्या नारळाची कडक करवंटी हवी, तिचा कार्बन टणक होतो आणि भोकंही अगदी बारीक पडतात.

भोकं भरली की कारखान्यात तो परत तापवून वापरता येतो, त्याला पुनर्सक्रियण म्हणा. घरच्या फिल्टरचं मात्र तसं नाही, तिथे सरळ 'कार्ट्रिज बदला' लिहा.